ऊन फुकट, भांडवल महाग

जबलपूरच्या बडा फुहारा बाजारात कमानिया गेटखालून जाणाऱ्या माणसाला मान वर करून पाहण्याची सवड नसते. भोवती जुन्या शहराचा दाट बाजार, शेजारीच सराफा, आणि मधून पाटण, पनागर, शहापुऱ्याकडून खरेदीला आलेले शेतकरी. ही कमान १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभी आहे. त्या वर्षीच्या २९ जानेवारीस सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला. मार्चमध्ये ते तापाने फणफणलेले असतानाच नर्मदाकाठी अधिवेशन झाले. आणि एप्रिल संपण्यापूर्वी त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. बावन्न हत्तींच्या मिरवणुकीची गोष्ट जबलपूरकर अजून सांगतात. आधल्या वर्षीची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९३८ मध्ये याच अध्यक्षाच्या पुढाकाराने राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली होती. जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते, मेघनाद साहांसारखा शास्त्रज्ञ तिच्या कामात होता, आणि विजेसारखे मूलभूत उद्योग जनतेच्या मालकीचे वा नियंत्रणाखालचे असावेत हा विचार तेथे मांडला गेला होता.

त्या विचाराची आठवण आज काढावयाची ती उत्सवासाठी नव्हे. वीज कोणाच्या मालकीची, हा प्रश्न पुन्हा एकदा शेतकऱ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला आहे. आणि या वेळी तो सूर्याच्या रूपाने आला आहे.

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. आज दोन राज्ये आहेत, पण दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सांगितली जाणारी गोष्ट एकच आहे. ऊन फुकट आहे, तेव्हा पॅनेल लावा, विजेच्या बिलातून सुटा आणि रात्रीचे जागरण संपवा. यातले शेवटचे आश्वासन हसण्यावारी नेण्यासारखे नाही. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे शेतीला आळीपाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. गव्हाला पाणी द्यावयाचे ते पौष-माघाच्या थंडीत, रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात. साप, विंचू, बिबट्या, ओल्या हातांनी स्टार्टरला लागणारा धक्का यांतून किती संसार उघडे पडले हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. दिवसा वीज ही शेतकऱ्याची चैन नाही, ती त्याच्या जिवाची मागणी आहे. आणि सौर वीज स्वभावतःच दिवसाची असल्याने ही मागणी पुरी करण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. म्हणून सौर ऊर्जेला विरोध करण्याचे कारण कष्टकऱ्यांच्या चळवळीला नाही. तिचा हिशेब मात्र तिने स्वतः मांडला पाहिजे, कारण कंपन्यांच्या जाहिरातीत तो मांडला जात नाही.

डिझेल इंजिनाची गोष्ट सोपी असते. यंत्र तुलनेने स्वस्त, पण ते चालू आहे तोवर पैसा जळत राहतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला सुमारे एक लिटर डिझेल पिते. सौर पंपाचे गणित नेमके उलटे आहे. चालवण्याचा खर्च जवळजवळ शून्य. जो काय पैसा लागतो तो पहिल्याच दिवशी. म्हणजे सौर विजेची किंमत ही मुळात भांडवलाची किंमत आहे, आणि भांडवलाच्या किमतीचे नाव व्याज. ज्याला स्वस्त पैसा मिळतो त्याची वीज स्वस्त, ज्याला महाग मिळतो त्याची महाग. एकाच शिवारात, एकाच उन्हात.

पाच अश्वशक्तीचा सौर पंप बसवण्यास सुमारे तीन लाख रुपये लागतात असे धरले, आणि त्याची पॅनेल पाच किलोवॅटच्या आसपास धरली, तर मध्य भारताच्या उन्हात ती वर्षाला सात हजार युनिटांच्या घरात वीज देऊ शकतात. तीन लाखांची रक्कम वीस वर्षांत दहा टक्के व्याजाने फेडावयाची झाली तर वर्षाला पस्तीस हजारांचा हप्ता बसतो. सातही हजार युनिटे कामी आली तर युनिट पाच रुपयांना पडले. व्याज सहा टक्के झाले की तेच युनिट पावणेचार रुपयांवर येते. पण ही झाली पॅनेल वर्षभर राबली तर. एकट्या शेतावरचा पंप वर्षभर कोठे चालतो? पावसाळ्यात तो बंद, पीक काढणीला आले की बंद, विहीर आटली की बंद. वर्षाचे एकशेदहा दिवस तो पूर्ण चालला तर सुमारे बावीसशे युनिटे वापरली जातात. उरलेली अठ्ठेचाळीसशे युनिटे ऊन म्हणून पडतात आणि ऊन म्हणूनच मावळतात. दहा टक्के व्याजाच्या हिशेबाने वापरलेल्या प्रत्येक युनिटाची खरी किंमत तेव्हा सोळा रुपये होते. ज्याला फुकटची वीज म्हणून गौरवले जाते ती अशा रीतीने देशातील सर्वांत महाग विजेपैकी एक ठरते. शेतकऱ्याला ती तशी जाणवत नाही, कारण मोठा भाग अनुदानातून, म्हणजे जनतेच्या पैशातून, आधीच भरलेला असतो.

अनुदान असू नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कोणाला, कशासाठी आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर हक्क कोणाचा, हा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'कुसुम' योजनेत एकट्या पंपासाठी केंद्राचे तीस टक्के, राज्याचे तीस टक्के आणि उरलेले चाळीस टक्के शेतकऱ्याचे, त्यांतले तीस टक्के बँकेच्या कर्जाने, अशी मूळ मांडणी होती. महाराष्ट्राने २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्क्यांवर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्क्यांवर आणला. हे चांगलेच झाले. पण अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात, असा नियम ठेवल्यावर ज्याची जमीन जास्त त्याचा पंप मोठा, आणि ज्याचा पंप मोठा त्याला सरकारी पैसा जास्त. ज्याच्याकडे विहीर नाही, बोअर नाही, त्याने पंप मागून करावयाचे काय? विहिरीचे भांडवल हे या सर्व योजनांचे न लिहिलेले प्रवेशशुल्क आहे. ज्याची जमीनच नाही त्याचा तर प्रश्नच मिटला.

मूळ 'कुसुम' मांडणीतल्या दोन शेतकऱ्यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. दोघांनी चाळीस टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार रुपये, कसेबसे उभे केले असे समजा. पहिल्याची जमीन सहा एकर ओलिताची. त्याचे डिझेल इंजिन वर्षाला पाचशे तास चालत असे. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तर त्याचे वर्षाला पंचेचाळीस हजार वाचले, आणि तीन वर्षांच्या आत पंप फिटला. दुसऱ्याची जमीन एक एकर. त्याचे इंजिन शंभर तास चालत असे. त्याचे वर्षाला नऊ हजार वाचतात. कर्जावरचे व्याजच त्याच्या आसपास जाते. हे मुद्दल त्याच्याने कधीच फिटणार नाही. यंत्र तेच, सूर्य तोच, सरकारी अनुदान तेच. एकाला त्यातून मुक्ती मिळाली आणि दुसऱ्याला सावकाराचे दार. कमानियाशेजारच्या सराफ्याचे आणि शेतकऱ्याचे नाते जुने आहे. इंजिन घेताना, बोअर पाडताना, मुलीच्या लग्नात घरातला दागिना गहाण पडण्याची रीत महाकोशलात आहे तशीच वऱ्हाडातही आहे. सौर युगाने ही रीत मोडलेली नाही.

पंप बसल्यावरही कटकटी संपत नाहीत. देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर असते ती पाच वर्षे. पॅनेल टिकतात वीस-पंचवीस. मधल्या काळात कंट्रोलर जळाला, केबल चोरीला गेली, वादळाने चौकट वाकवली, तर तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा माणूस आहे का? आणि मराठवाड्यात पाणी शेकडो फूट खाली गेले आहे, तेथे साडेसात अश्वशक्तीची मर्यादा पुरत नाही. ज्याने पारंपरिक वीजजोडणीसाठी पैसे भरले होते त्याला सौर पंपच घे म्हणणे ही मदत नव्हे, जबाबदारीतून अंग काढून घेणे आहे.

वाया जाणाऱ्या अठ्ठेचाळीसशे युनिटांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण सारी मेख तेथे आहे. ही युनिटे वाया जातात कारण पंप विजेच्या जाळ्याला जोडलेला नाही. जोडला तर शेताला पाणी नको असेल त्या दिवशी तीच वीज गावाला, गिरणीला, शीतगृहाला मिळेल. आणि युनिटाला तीन रुपये भाव मिळाला तरी त्या शेतकऱ्याच्या हाती वर्षाला चौदा हजारांहून अधिक रुपये येतील. हे स्वप्नरंजन नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी आपल्या सौर पंपांची सहकारी संस्था केली आणि २०१६ मध्ये सरकारी वीज कंपनीला युनिटामागे ४ रुपये ६३ पैसे या दराने, पंचवीस वर्षांच्या कराराने, वीज विकण्यास सुरुवात केली. शेजारच्या अल्पभूधारकांना ते डिझेलपेक्षा स्वस्त पाणीही देत. भांडवलाचा बहुतेक भार एका संशोधन प्रकल्पाने उचलला होता, हे लपवण्याचे कारण नाही. सहा शेतकऱ्यांच्या खिशातून ते होण्यासारखे नव्हते. परंतु त्यातूनच सिद्ध झाले ते हे की भांडवलाचा प्रश्न समाजाने सोडवला तर शेतकरी वीज पिकवू शकतो, विकू शकतो, आणि वीज विकण्यात पैसा असल्यामुळे पाणी जपूनही वापरतो.

सरकारचा ओढा मात्र दुसरीकडे आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गावाच्या शेती-फीडरजवळ मोठी पॅनेल बसवावयाची आणि त्यातून सर्व पंपांना दिवसा वीज द्यावयाची अशी कल्पना आहे. तांत्रिक दृष्टीने ही कल्पना एकट्या पंपापेक्षा कितीतरी सरस आहे. उन्हाचे एकही युनिट वाया जात नाही, पंप बदलावा लागत नाही, देखभाल एका जागी होते, आणि वीज पडते तीन रुपयांच्या आसपास. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला तो याच योजनेखाली. एकूण लक्ष्य १६,००० मेगावॅटचे. आक्षेप तंत्रावर नाही, मालकीवर आहे.

जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ मिळते. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला ही रक्कम मोठी वाटते, आणि ती आहेही. परंतु एक मेगावॅटला लागते पाच एकरांच्या आत-बाहेर जमीन. तिचे भाडे झाले अडीच लाख. त्याच जमिनीवरून निघणारी वर्षाची वीज सोळा लाख युनिटे धरली तर तीन रुपयांनी ती अठ्ठेचाळीस लाखांची झाली. म्हणजे रुपयामागे जमीनवाल्याला पाच पैसे. उरलेले पंचाण्णव पैसे भांडवलाचे, व्याजाचे, देखभालीचे आणि नफ्याचे. आणि हे पंचवीस वर्षांच्या कराराने बांधून दिलेले. कारखानदाराला असा ग्राहक स्वप्नातही मिळत नाही, जो पंचवीस वर्षे ठरलेल्या भावाने माल घेईन म्हणून लिहून देतो.

या व्यवहारात एक माणूस कोठेच दिसत नाही. ती जमीन बटाईने किंवा ठोक्याने करणारा. सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही. भाडेपट्टा मालकाशी होतो, कुंपण पडते, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याला त्या शिवारात काम नाही. त्या पडीक म्हटल्या जाणाऱ्या जमिनीवर ज्यांच्या शेळ्या चरत होत्या त्या भूमिहीन बाईचेही नाव कोणत्या कागदावर येत नाही. ग्रामपंचायतीला तीन वर्षे वर्षाला पाच लाख रुपये देण्याची तरतूद योजनेत आहे. पण पंचायतीला देणगी देणे वेगळे आणि मालकीत वाटा देणे वेगळे. पंचायतीचे गायरान वापरावयाचे आणि पंचायतीला तीन वर्षांनी निरोप द्यावयाचा, याला कोणता व्यवहार म्हणतात?

खासगी भांडवलाशिवाय हे होणार कसे, असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर जबलपूरपासून फार दूर नसलेल्या रीवा जिल्ह्यात आहे. गुढ तहसिलीतील ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२० च्या जुलैत राष्ट्राला अर्पण झाला. २०१७ च्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला तेव्हा देशभर वाहवा झाली. खासगी स्पर्धेची किमया म्हणून त्याचे पोवाडे गायले गेले. किमया कोणाची होती? प्रकल्प आखला तो केंद्राच्या व राज्याच्या सार्वजनिक संस्थांनी मिळून स्थापन केलेल्या कंपनीने. जमीन जमवली ती तिने. वीज वाहून नेण्याच्या व्यवस्थेसाठी जागतिक बँकेकडून सवलतीचे कर्ज आणले गेले ते सरकारच्या पतीवर. वीज घेण्याची हमी राज्याच्या वीज कंपनीने आणि दिल्ली मेट्रोने दिली, आणि पैसे बुडणार नाहीत याची हमी राज्य सरकारने दिली. धोका एवढा कमी झाल्यावर बँकांनी कमी व्याजाने पैसा दिला आणि म्हणून दर उतरला. ज्याने धोका उचलला त्याचीच मालकी, हा भांडवलशाहीचा स्वतःचाच नियम येथे पाळला गेला नाही.

पैशाचाच प्रश्न असेल तर महाराष्ट्र सरकारचाच एक आकडा घ्यावा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना मोफत वीज देण्यासाठी २०२४ मध्ये वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार सांगितला गेला. शेतकऱ्याला मिळालेली ही सवलत त्याने लढून मिळवलेली आहे आणि तिला हात लावू देता कामा नये. पण मेगावॅटला चार कोटी खर्च धरला तर १६,००० मेगावॅटची सारी पॅनेल ६४,००० कोटींत उभी राहतात. म्हणजे सव्वाचार-साडेचार वर्षांच्या सवलतीइतक्या रकमेत राज्याची शेती ज्या सौर प्रकल्पांवर चालवावयाची ते सर्व जनतेच्या मालकीचे होऊ शकतात, आणि पुढची वीस वर्षे त्या विजेला नफ्याचा आणि व्याजाचा बोजा राहत नाही. हा पैसा एका वर्षात उभा राहणार नाही. सरकारी रोख्यांवर तो टप्प्याटप्प्याने उभारता येतो, आणि सरकारला मिळणारे कर्ज कोणत्याही कंपनीला मिळणाऱ्या कर्जापेक्षा स्वस्त असते. सौर विजेत व्याजच मुख्य खर्च आहे हे एकदा मान्य केले की सार्वजनिक मालकी ही केवळ तत्त्वाची बाब राहत नाही. तीच स्वस्त ठरते.

अशा कामासाठी यंत्रणा होती, ती मोडली गेली आहे. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली तेव्हा उच्च न्यायालय आणि वीज मंडळ जबलपूरच्या वाट्याला आले. रामपूरच्या शक्ती भवनातून एकेकाळी निर्मिती, वहन आणि वितरण तिन्ही चालत. आज तेथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाट्या आहेत. महाराष्ट्रात २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे असेच तुकडे झाले. या मंडळांच्या मागे एक विचार होता, आणि मराठी वाचकाने तो विसरता कामा नये. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना १९४३ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विजेच्या धोरणाची पायाभरणी केली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी आणि त्यासाठी ती नफ्यासाठी चालणाऱ्या हातांत असू नये, ही त्यांची दिशा होती. १९४८ च्या कायद्याने राज्य मंडळांची वाट मोकळी केली. २००३ च्या कायद्याने ती बंद करण्यास प्रारंभ केला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकाने वितरणातही खासगी कंपन्यांना शिरकाव देण्याचा घाट घातला. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वीज विधेयक मागे घेण्याची मागणी होती ती उगीच नव्हे. फायद्याचा ग्राहक खासगी कंपनीने उचलला तर सरकारी कंपनीकडे उरतो शेतकरी. आणि मग शेतकऱ्याच्या सवलतीमुळे कंपनी बुडाली अशी ओरड करण्यास मोकळे रान.

पॅनेलची गोष्टही याहून निराळी नाही. देशातले पहिले सौर विद्युतघट १९७७ मध्ये साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कारखान्याने बनवले. हाच कारखाना २०२१ मध्ये २१० कोटींना विकावयास काढला होता. कामगारांनी हरकत घेतली, व्यवहार स्थगित झाला आणि २०२२ मध्ये रद्द झाला. १९७७ मध्ये सुरुवात करणारा देश आज या मालासाठी चीनकडे पाहतो, याचे कारण शास्त्रज्ञांची उणीव नाही.

सार्वजनिक मालकी म्हटले की लगेच भ्रष्टाचार आणि सहकार म्हटले की लगेच मुळा-प्रवरा असे म्हटले जाते. ही दोन्ही उदाहरणे टाळून पुढे जाता येणार नाही. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशकांच्या आसपास ग्रामीण भागात वीज वितरण केले आणि २०११ मध्ये प्रचंड थकबाकीसह तिचा परवाना संपला. या प्रयोगातून घ्यावयाचा धडा सहकार निकामी आहे हा नाही. सभासद हजारो असले तरी सत्ता साखर कारखान्याच्या वजनदार मंडळींकडे राहिली, तर ती संस्था सहकारी केवळ नावापुरती उरते. म्हणून फीडरवरच्या सौर संस्थेत मत एकराप्रमाणे न देता माणसाप्रमाणे दिले पाहिजे. भूमिहीन आणि बटाईदार कुटुंबे तिची सभासद असली पाहिजेत. हिशेब दर महिन्याला चावडीवर लागला पाहिजे. मंडळांतील गळती आणि लाचलुचपत यांबद्दल कामगार संघटनांनीही अधिक कडक बोलले पाहिजे. यात संकोच झाला तर ग्राहक खासगीकरणाच्या बाजूला ढकलला जातो, हा अनुभव आहे.

एक बाब अशी आहे की जिच्याकडे शेतकरी संघटनांचेही दुर्लक्ष होते. पाणी. पंपाचा खर्च शून्य झाला की पाणी उपसण्यावरचा शेवटचा लगाम सुटतो. माळव्यात आणि महाराष्ट्राच्या द्राक्ष-केळीच्या पट्ट्यांत भूजल आधीच ओरबाडले गेले आहे. तेथे फुकट चालणारा, जाळ्याला न जोडलेला पंप म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतून पाणी काढण्याचा परवाना. ज्याचा बोअर खोल तो जिंकतो. याच जबलपूरच्या परिसरात पंपाविना रब्बी पिकवणारी एक जुनी पद्धत होती. तिला हवेली म्हणत. काळ्या जमिनीच्या शेताला चहूबाजूंनी उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडून ठेवावयाचे, आश्विन-कार्तिकात ते सोडून द्यावयाचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा. सिंचन नाही, इंजिन नाही, तणही पाण्याखाली कुजून जाते. पाणी केव्हा सोडावयाचे हे एकट्याने ठरवता येत नसे, कारण ते खालच्या शेतातून जावयाचे असे. म्हणून साऱ्या शिवाराचा मेळ लागे. साठच्या दशकानंतर सोयाबीन आले, खरिपात रोख पैसा दिसू लागला, शेत पावसाळ्यात अडवून ठेवणे परवडेना आणि बांध फुटत गेले. सोयाबीनला दोष देण्यात अर्थ नाही. ते गरिबानेही पिकवले. पण वीज किती लागते याचा विचार करताना वीज न लागणाऱ्या शेतीचा हिशेब कोणत्याही ऊर्जा खात्याच्या वहीत नसतो, हे नोंदवून ठेवले पाहिजे. बांध दुरुस्त करण्यास मजुरी देणे हीही ऊर्जेतली गुंतवणूक आहे, आणि ती मजुराच्या हाती पडते.

मध्य प्रदेश सरकारने २०२५ मध्ये शेती-फीडर सौर करण्याची आपली योजना पुढे केली आहे. तिच्यावर किसान सभेने आणि वीज कामगारांनी एकत्र बसून आपली भूमिका मांडण्याची वेळ आली आहे, आणि मालकीचा मुद्दा त्यात पहिला हवा. प्रकल्प वीज कंपनीचा किंवा गावसंस्थेचा असावा; खासगी कंपनीला काम द्यावयाचेच झाले तर ते उभारणीचे आणि देखभालीचे द्यावे, पंचवीस वर्षांच्या मालकीचे नव्हे. ज्या जमिनीवर पॅनेल लागतील तेथे आधी कोण राबत होते याची नोंद पंचायतीने घ्यावी आणि त्याला भाड्यात वाटा किंवा प्रकल्पात काम मिळावे. एकट्या पंपांवर अनुदान द्यावयाचे ते जेथे जाळे पोचतच नाही अशा आदिवासी पाड्यांना, कुंडम आणि मंडल्याच्या डोंगरातल्या टोल्यांना, प्रथम.

आणि बरगी. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर हे धरण १९९० च्या सुमारास पूर्ण झाले. १६२ गावे त्यात बाधित झाली. धरणाखाली ९० मेगावॅटचे वीजघर आहे. कालवे खाली वाहतात. ज्यांची जमीन पाण्यात गेली ते वरच्या उतारांवर सरकले, आणि समोर पसरलेले पाणी त्यांच्या शेतात चढत नाही. ते चढवण्यास वीज लागते, आणि ती दिवसा असली तरी चालते. फीडर सौर करावयाचे असतील तर जलाशयाच्या काठावरच्या या गावांपासून सुरुवात व्हावी, उपसा योजना आणि पॅनेल दोन्ही विस्थापितांच्या संस्थेच्या नावे असावीत. संस्था चालवणे त्यांना नवीन नाही. नव्वदच्या दशकात लढून मिळवलेला जलाशयातल्या मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संघाने चालवून दाखवला होता.